डुबुक! लाकडाचा तुकडा आणि जेम्स हेडन

अजिंठ्याच्या व्ह्यू पॉइंटवर तुम्ही कधी ना कधी गेलाच असाल. शाळेच्या सहलीत, नाहीतर फर्स्ट इयरला मित्रांबरोबर बाइकवरून. खाली वाघूर नदीनं घोड्याच्या नालेसारखं वळण घेतलंय आणि समोरच्या कड्यात लेणी आहेत. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी इथं आला आणि त्याला लेण्याची कमान दिसली. १० नंबरच्या लेण्यात त्यानं आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवलीय. गोष्ट अशी सांगितली जाते की जणू लेणी त्या दिवशीच जन्माला आली. खरं तर आसपासच्या गावकऱ्यांना ती आधीपासून माहीत होती. पण शिकारीला निघालेल्या माणसाला अचानक भलतंच काहीतरी सापडलं, ही गोष्ट आपल्याला जास्त आवडते.

तशाच एका गोष्टीकडे मी तुम्हाला नेणार आहे. तिथं शिकार वाघाची नाही, माशाची आहे आणि माणूस अमेरिकेतला आहे. सुरुवात मात्र याच डोंगरापलीकडच्या एका पाझर तलावावर झाली.

माझा मावसभाऊ त्या बाजूला राहतो. दिवाळीच्या सुट्टीत तो मला सकाळी सहाला उठवून तलावावर घेऊन गेला. त्याच्या डब्यात बोटाएवढा प्लास्टिकचा मासा होता. डोळे रंगवलेले, शेपटीला पिसं, पोटाला गळ आणि तोंड वाटीसारखं आत गेलेलं. याला पॉपर म्हणतात, असं त्यानं सांगितलं. त्यानं तो शेवाळाच्या कडेला फेकला आणि काहीच केलं नाही. पाण्यावरची वर्तुळं विरली तरी हा आपला गप्प. मग मनगटाला एक हलका झटका. डुबुक! पुन्हा गप्प. तिसऱ्या झटक्यानंतर पाणी फुटलं आणि एक काळी मरळ त्यावर तुटून पडली. ती गळाला लागली नाही, निसटली. पण माझी झोप पार उडाली.

परत येताना मी विचारलं, की हे असलं डोक्यात तरी कुणाच्या आलं? त्याला माहीत नव्हतं. मी शोधायला लागले आणि मला जेम्स हेडन सापडला.

मासेमारीचा नाद असलेल्या लोकांमध्ये हेडन हे नाव मोठं आहे. आपल्याकडे सायकल म्हटलं की ठरावीक दोन-तीन नावं आठवतात ना, तसं पाण्यावर तरंगणाऱ्या ल्युअरचा विषय निघाला की हे नाव येतंच. मला वाटलं होतं, हा माणूस आयुष्यभर मासेच धरत बसला असणार. तर तसं अजिबात नाही. आयुष्याची कितीतरी वर्षं त्यानं मधमाश्या पाळण्यात घालवली.

हेडनचा जन्म १८४५ चा, न्यूयॉर्क राज्यातला. पुढे त्याचं आयुष्य गेलं मिशिगन राज्यातल्या डवॉजॅक या छोट्या गावात. मिशिगन म्हणजे तळ्यांचा मुलूख. उन्हाळा छोटा, हिवाळा लांब आणि कडक. १८६० चं दशक संपत असताना तरुण हेडननं मधमाश्या पाळायला सुरुवात केली. तेव्हा मधमाश्या हा बहुतेकांसाठी शेतीला जोड म्हणून केलेला उद्योग होता. हेडननं मात्र त्यावरच पोट भरायचं ठरवलं. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यानं साइड बिझनेसचा मेन बिझनेस केला.

मधमाश्यांची पेटी तुम्ही पाहिलीय का? महाबळेश्वरजवळच्या मांघर या मधाच्या गावात गेलात तर घराघराशेजारी दिसेल. पेटीच्या आत लाकडी चौकटी उभ्या लावलेल्या असतात आणि त्या एकेक करून बाहेर काढता येतात. या रचनेचं पेटंट लँगस्ट्रॉथ नावाच्या अमेरिकन पाद्र्यानं १८५२ मध्ये घेतलं. त्याच्या लक्षात आलेली गोष्ट अगदी छोटी होती. दोन पृष्ठभागांमध्ये साधारण ६ ते ९ मिलिमीटरची फट ठेवली तर मधमाश्या ती बुजवत नाहीत. फट कमी झाली तर डिंकासारख्या पदार्थानं चिकटवून टाकतात, जास्त झाली तर तिथं पोळं बांधतात. म्हणजे चांगली पेटी बनवायला सुतारकाम यावं लागतं, पण त्याआधी माशीची सवय कळावी लागते. सवयीत एक-दोन मिलिमीटरची चूक झाली की अख्खी पेटी वाया.

हेडन या शाळेत तयार झाला. त्यानं स्वतःची पेटी बनवली आणि १८८५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. राणी माशी जिथं अंडी घालते तो मोठा कप्पा त्यानं आडवा कापून त्याचे दोन उथळ डबे केले. चौकटी बाजूच्या स्क्रूंनी घट्ट बसवल्या. त्यामुळे प्रत्येक चौकट वेगळी उचलायची गरज उरली नाही. अख्खा डबाच उचला, वरचा खाली करा, खालचा वर करा. शेकडो पेट्या सांभाळणाऱ्या माणसाचा वेळ वाचावा, हा त्यामागचा हिशोब होता. त्याच वर्षी मधमाशीपालनावर त्याचं पुस्तकही आलं.

पण पेटंट घेणारा हेडन सगळ्यांना आवडत होता असं नाही. मधमाशीपालकांची तेव्हा चांगली चालणारी मासिकं होती आणि त्यांत आजच्या कमेंट सेक्शनला लाजवतील असे वाद चालायचे. कोणती कल्पना कुणाची, कुणी कुणाची उचलली, यावर पानंच्या पानं भरायची. हेडन अशा वादांत मागं राहणारा नव्हता. मिशिगनच्या हिवाळ्यात मधमाश्यांना हगवण लागून पेट्याच्या पेट्या मरायच्या. त्याचं कारण माश्यांनी खाल्लेले परागकण आहेत, असं त्याचं म्हणणं. मग हिवाळ्याआधी त्यांना साखरेचा पाक द्या, हा त्याचा उपाय. या मुद्द्यावर तो अनेक वर्षं भांडला. काहींना पटलं, काहींना नाही. त्याची पेटीही सगळीकडे पसरली नाही. आज जगभर चालते ती लँगस्ट्रॉथची पेटी.

एवढ्यावर हा माणूस थांबला नाही. गावात वर्तमानपत्र चालवलं. डवॉजॅकचा महापौर झाला. त्याचा बायोडाटा आज एखाद्या एचआरच्या टेबलावर गेला तर पहिला प्रश्न काय येईल, हे तुम्हाला आणि मला चांगलंच माहीत आहे. तुम्ही नक्की कोण आहात? फोकस कुठे आहे?

आता ती गोष्ट.

डवॉजॅकमध्ये जुन्या गिरणीचं एक तळं आहे. तिथं हेडन मित्राची वाट बघत बसला होता. मित्राला उशीर झाला. हातात चाकू होता, जवळ लाकडाचा तुकडा होता. बसल्या बसल्या तो लाकूड तासत राहिला. मित्र आला, हेडन उठला आणि हातातला तुकडा त्यानं पाण्यात भिरकावला. लाकूड पाण्यावर पडलं आणि खालून बास मासा उसळी मारून त्यावर तुटून पडला. तुकडा हवेत उडाला. हेडन बघत राहिला.

बास हा तिथला शिकारी मासा. मोठ्या जबड्याचा, झाडोऱ्यात दबा धरून बसणारा. पाण्यावर बेडूक पडला, किडा पडला, की खालून झडप घालणारा. लाकडाला ना वास, ना चव. तरी तो धावला. म्हणजे खाण्याची वस्तू लागतच नाही. पाण्यावर काहीतरी जिवंत पडल्याचा आवाज आणि हालचाल पुरते.

आता थोडं जॉन स्मिथकडे वळून बघा. ही गोष्टही घासून गुळगुळीत झालेली आहे. ती नेमकी कोणत्या वर्षी घडली, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही. कुणी १८८८ म्हणतं, कुणी १८९० च्या दशकात नेऊन ठेवतं. कंपनी आपला जन्म १८९४ चा सांगते. आणि कंपनीला अशी गोष्ट फायद्याचीच असते, नाही का? शिवाय हेडन हा खोटं आमिष बनवणारा पहिला माणूस नव्हताच. ज्युलिओ ब्यूएल यानं धातूच्या चमच्यासारख्या आमिषाचं पेटंट १८५२ मध्येच घेतलं होतं. लाकडी अंगाची आमिषंही हेडनच्या आधी पेटंट झालेली होती.

मग हेडननं केलं काय? मला वाटतं, इथंच त्याची मधमाश्यांची वर्षं कामी आली. पाण्यावर फेकलेल्या काटकीवर मासा उसळलेला त्याच्या आधी किती जणांनी पाहिला असेल! हसले असतील, घरी गेले असतील. हेडन पंचवीसेक वर्षं एकच काम करत होता. एका जिवाची सवय बघायची आणि त्या सवयीच्या मापानं लाकूड कापायचं. त्या दिवशी त्याच्यासमोर माशीऐवजी मासा आला, इतकाच फरक. हा माझा अंदाज आहे, त्यानं असं कुठं सांगितलंय असं नाही. पण त्याचं पुढचं काम बघितलं की तो पटतो.

तो घरी गेला आणि लाकडाचे बेडूक कोरायला लागला. त्या काळी बास धरायला जिवंत बेडूक लागायचे. म्हणजे आधी बेडूक पकडा, मग त्यांना जिवंत ठेवा, मग गळाला लावा. हेडनचे पहिले बेडूक थोडेच होते आणि मित्रांमध्ये वाटले गेले. त्यातला एखादा आज सापडला तर संग्राहक तुटून पडतात. मग तो हळूहळू बेडकाच्या आकारापासून दूर गेला. माशाला बेडूक दिसायला नको आहे, बेडकाची खळबळ हवी आहे, हे त्यानं ओळखलं असावं. नवं आमिष म्हणजे सिगारसारखा लाकडी तुकडा होता. नाक तिरकं कापलेलं आणि नाकामागं धातूची कॉलर. दोरी ओढली की ही कॉलर पाणी ढवळायची आणि बुडबुडे सोडत जायची. ही आमिषं तो गावाच्या नावानं, डवॉजॅक म्हणून विकायचा. १ एप्रिल १९०२ ला त्याला पेटंट मिळालं. तेव्हा त्याचं वय होतं ५६. आपल्याकडे या वयात माणसं रिटायरमेंटच्या हिशोबाला बसलेली असतात.

सुरुवातीला कारखाना वगैरे काही नव्हता. काम घरातच चालायचं. लाकूड कापायचं, घासायचं, रंगाचे हात द्यायचे, वाळवायचं, गळ बसवायचे. बायको एव्हा, मुलगे विल आणि चार्ल्स, सगळं घर त्यात ओढलं गेलं. तळ्याकाठच्या गोष्टीत एकच माणूस दिसतो, पण धंदा उभा राहतो तेव्हा घरातल्या सगळ्यांचे हात रंगलेले असतात. आपल्याकडच्या पापड-लोणच्याच्या घरगुती उद्योगात वाढलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

वेळही त्याच्या बाजूनं होती. गिअर असलेली चांगली रिळं तोवर अमेरिकेत रुळली होती आणि आखूड रॉडनं लांब फेक करण्याचा प्रकार वाढत होता. त्याला वजन असलेलं आमिष लागतं. पिसांची हलकी माशी अशा रॉडनं जात नाही आणि जिवंत बेडूक दोन-चार फेकींत गळून पडतो. लाकडाचा तुकडा मात्र दिवसभर टिकतो. त्यात हेडन वर्तमानपत्रवाला. शिकार आणि मासेमारीच्या मासिकांत जाहिराती कशा द्यायच्या, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. मधमाश्या, पेटंट, छापखाना हे वेगवेगळ्या ठिकाणी शिकलेलं सगळं इथं एका जागी आलं.

जेम्स हेडन १९११ मध्ये गेला. कंपनी त्याच्या मुलांनी मोठी केली. १९२० च्या सुमारास तिनं लकी थर्टीन नावाचं आमिष आणलं. त्याचं तोंड आत कोरलेलं होतं. झटका दिला की त्यात पाणी आणि हवा अडकते आणि डुबुक असा आवाज येतो. त्याची छोटी आवृत्तीही निघाली. पुढे लाकूड जाऊन प्लास्टिक आलं, कंपनीचे मालक बदलले, पण हेडन हे नाव आजही ल्युअरच्या खोक्यावर आहे. मावसभावाच्या डब्यातला पॉपर हेडनचा नव्हता, कुठलातरी स्वस्तातला होता. पण आवाज त्याच घराण्यातला.

आता तुमच्यातल्या ज्यांना रॉड हातात घ्यायचाय, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. छोटा पॉपर साधारण ५-६ सेंटिमीटरचा आणि ७ ग्रॅमच्या आसपास असतो. त्याला हलका रॉड आणि साधी नायलॉनची दोरी चांगली. फ्लुरोकार्बनची दोरी बुडते आणि पॉपरचं तोंड खाली ओढते, मग आवाजच येत नाही. वेळ पहाटेची किंवा संध्याकाळची, पाणी शांत हवं. फेकल्यावर वर्तुळं विरेपर्यंत थांबा. झटका मनगटाचा द्या, खांद्याचा नको. शांत पाण्यात मोठा धबाक आवाज केला तर मासा पळतो, हलकं डुबुक पुरतं. मासा उसळलेला दिसला की हात आपोआप मागं जातो. तिथंच चूक होते. दोरीवर वजन जाणवेपर्यंत थांबायचं, मग ओढायचं. माझ्या भावानं ती मरळ का घालवली, हे मला हे सगळं वाचल्यावर कळलं. त्याला अजून सांगितलेलं नाही.

बास आपल्या तलावांत नाही. आपल्याकडे हे काम मरळ करते. तिला मधूनमधून हवा घ्यायला वर यावं लागतं, बेडूक तिचा आवडीचा आणि शेवाळाच्या कडेला ती दबा धरून बसते. गावाकडे गळाला बेडूक लावून मरळ धरतात, ते याचसाठी. फक्त तिचा जबडा कडक असतो आणि ती झाडोऱ्यात घुसते, त्यामुळे दोरी बासपेक्षा दणकट लागते. आणि एक गोष्ट नक्की पाळा. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका दिसला, तर तिथं पॉपर टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात. ते आमिषावर भुकेनं येत नाहीत, पिल्लांना वाचवायला येतात. ते गेले की पिल्लं बाकीच्या माशांच्या तोंडी जातात. तलाव कुणाच्या ठेक्यात आहे, हे विचारून परवानगी घ्या. आणि लेण्यांच्या परिसरात वाघूरमध्ये गळ टाकायचा विचारही नको.

हे सगळं मी का शोधत बसले, तेही सांगते. बारावीनंतर मी एक वर्ष ड्रॉप घेतला. डॉक्टर व्हायचं होतं, जमलं नाही. मग मास कॉम. त्यानंतर जिथं जिथं फॉर्म भरला, तिथं एक रकाना हमखास असतो: गॅपचं कारण. एका मुलाखतीत तर माझ्या लिखाणावर एकही प्रश्न आला नाही, सगळे प्रश्न त्या एका वर्षावर. घरी येऊन मला वाटलं होतं की ते वर्ष कुठंतरी पुसून टाकता आलं तर बरं होईल.

तुमच्यापैकी कितीजण असेच आहात, मला माहीत आहे. डिप्लोमा सोडून बी.ए. ला आलेले, एमपीएससीची दोन वर्षं देऊन आता दुकान चालवणारे. हेडनची गोष्ट वाचून तुमची नोकरी पक्की होणार नाही. लाकूड पाण्यात टाकलं की दर वेळी मासा येतो असंही नाही. त्याच्या पेटीचं तरी काय झालं ते आपण पाहिलंच. पण पेटी बनवताना त्याचे डोळे आणि हात जे शिकले, ते पेटीबरोबर गेलं नाही.

त्या ड्रॉपच्या वर्षात मी बायोलॉजी तीनदा वाचलं होतं. माशाच्या अंगावर कडेनं एक रेघ असते, तिच्यानं त्याला पाण्यातली हालचाल कळते, हे मला तेव्हापासून पाठ आहे. मरळ त्या डुबुक आवाजावर का धावली, हे त्या तलावाकाठी भावाला मी समजावून सांगितलं. तो पहिल्यांदाच माझं बोलणं मधे न तोडता ऐकत होता. पुढच्या फॉर्ममध्ये त्या रकान्यात काय लिहायचं, हे मी ठरवलंय.